पदरमोड

हा वास क्लोरीनचा नाही, क्लोरामाइनचा.
दर फेब्रुवारीत मी हे ड्वेनला सांगते,
दर फेब्रुवारीत तो म्हणतो, "असं होय?"
आणि घड्याळाची दोरी गळ्यात अडकवतो.
तो निवृत्त पोस्टमन. पलीकडे लॉरेटा, फीच्या खिडकीवरची.
मधे मी, डॉक्टर के.
खांबेटे म्हणायला इथे कुणाची जीभ वळत नाही.
चौथ्या लेनची आम्ही तिघं.
तीन घड्याळं, तीन अंगठे,
आकडे वेगळे आले तर मधला धरायचा.
उतावळा खोटा, मंदही खोटा.
एवढाच इथला न्याय, आणि मला तो पटतो.

बाहेर मिनेसोटा पांढराफेक.
पाहुण्यांची बस दोन तास उशिरा आली,
पोरी उतरल्या त्या उशा काखोटीला मारून,
एकीचं बोट अजून अर्थशास्त्राच्या पुस्तकात.
बाकांवर माणसं सतरा. मी मोजली.

भाऊ मिरजेहून फोनवर विचारतो,
"म्हणजे पोहण्याची स्कॉलरशिप नाही?"
नाही.
"फी माफ?" नाही. "पुढे नोकरीत काही?" नाही रे.
"मग मिळतं काय?"
मी तिसरा विभाग, त्याचे नियम असं काहीतरी सांगू लागते,
अडखळते,
आणि आईचा एक शब्द हाती लागतो.
पदरमोड करतात, दादा.
पदर नसलेल्या पोरी.
तो हसतो. मग हसायचा थांबतो.

ब्रिटा होल्मक्विस्टला मी ऑरगॅनिकमध्ये बी-उणे दिलं होतं.
साडेपाचला पाण्यात, आठला माझ्या वर्गात,
वाटेत गोठलेले केस दाराशी आल्यावर कटकट वाजायचे.
संध्याकाळी मेसमध्ये ताटं विसळायची.
कर्जाचा आकडा तिने प्रयोगवहीच्या मागच्या पानावर मांडला होता,
खाली दोन रेघा, उत्तराखाली मारतात तशा.
एक परीक्षा तिने बसमध्ये दिली, कोचच्या देखरेखीखाली,
बेंझिनचा षटकोन दर खड्ड्याला वाकडा.
मी गुण कापले नाहीत.
रस्त्याचे गुण तिच्याकडून कशाला घ्यायचे?

आज शेवटच्या वर्षाच्या मुलींना एकेक कार्नेशन.
पुढच्या आठवड्यात मोठ्या स्पर्धेला अठरा जणी जाणार.
ब्रिटा एकोणिसावी.
म्हणजे हे शेवटचं. दोनशे यार्ड बटरफ्लाय, आठ फेऱ्या.
तसं कुणी बोललं नाही.

वडील पोचले तेव्हा चौथी फेरी चालू होती.
नारिंगी जाकीट, काउंटीचा बर्फाचा नांगर चालवतात,
पाहुण्यांच्या बसपुढचा रस्ता त्यांनीच मोकळा केलेला.
उभेच राहिले, बुटांखाली थारोळं.

सातवीत पहिली मुलगी काठाला लागली, मग दुसरी, तिसरी.
आठवीत ब्रिटा एकटी.
खांदे पाण्याबाहेर यायचे ते उसने आणल्यासारखे.
तेव्हा त्या पाची जणी, पाहुण्यासुद्धा,
लेनच्या दोरीवर तळहात आपटू लागल्या.

मी वाकले. बोटं भिंतीला लागली ती मी पाहिली,
नखं निळी, करंगळीला मेसमधली चिकटपट्टी,
आणि नुसती पाहतच राहिले.
"के?" ड्वेन म्हणाला.
माझ्या मुठीत आकडे धावतच होते.
दोन अडतीस. दोन चाळीस.

नियम त्यालाही आहे. दोनच घड्याळं असली तर सरासरी.
लॉरेटाने चिठ्ठीवर भागाकार केला, दोन चौतीस पूर्णांक चोवीस.
तिसऱ्या रकान्यात मी आडवी रेघ मारली
आणि सही केली, न कळत मराठीत.

"किती?" ब्रिटाने दोरीवर हनुवटी टेकून विचारलं.
मी सांगितलं.
"हं. मागच्या वर्षी बरं होतं," म्हणाली,
"सोमवारी लॅब आहे ना?"

घड्याळ परत करायचं राहिलं.
पार्किंगमध्ये नांगराचा पिवळा दिवा गरगरत निघाला,
डॅशबोर्डवर कार्नेशन,
मागोमाग पाहुण्यांची बस.